तरंगांचा हिशेब मांडणारा शिंप्याचा मुलगा

एमआरआय यंत्रात कॅमेरा नसतो. रुग्ण बोगद्यात निपचित पडून असतो, कानावर ठकठक आवाज येत राहतो आणि थोड्या वेळाने मेंदूचे किंवा मणक्याचे स्वच्छ चित्र पडद्यावर उमटते. यंत्राने टिपलेले असतात ते शरीरातून आलेले रेडिओ संकेत, तेही एकमेकांत पूर्ण मिसळलेले. त्या गुंत्यातून चित्र काढण्याचे काम गणित करते. या गणिताला ‘फुरिए रूपांतरण’ म्हणतात. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते ज्यां-बातिस्त जोसेफ फुरिए डॉक्टर नव्हते. १८३० मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ६५ वर्षे आधी, ते वारले. त्यांना पडलेला प्रश्न वेगळाच होता. तापलेल्या लोखंडातून उष्णता नेमकी कशी पसरत जाते, हे त्यांना शोधायचे होते.

फुरिए यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधील ओसेर या गावी झाला. वडील शिंपी, घरात मुले पुष्कळ. जोसेफ दहा वर्षांचा होईपर्यंत आई-वडील दोघेही गेले. गावातल्या लष्करी शाळेत त्याला जागा मिळाली. ही शाळा बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती साधू चालवत. तेरा-चौदाव्या वर्षी त्याला गणिताचे वेड लागले. जळून उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे दिवसा गोळा करायचे आणि सगळे झोपल्यावर त्यांच्या उजेडात गणिते सोडवायची, असा त्याचा क्रम होता असे सांगतात.

त्याला तोफखान्यात जायचे होते. तिथे गणिताला किंमत होती. पण अधिकारी होण्यासाठी घराणे उमरावाचे लागे. शिंप्याच्या मुलाला ते दार बंद होते. मग त्याने मठाचा रस्ता धरला. १७८७ मध्ये तो मठात दाखल झाला, पण दीक्षेची शपथ घेण्यापूर्वीच १७८९ साली फ्रेंच राज्यक्रांती झाली. फुरिए मठ सोडून ओसेरला परतले आणि आपल्याच जुन्या शाळेत शिकवू लागले.

दोनदा तुरुंगात

जन्मावरून माणसाची लायकी ठरू नये, ही क्रांतीची भाषा त्यांना स्वतःच्या अनुभवामुळे पटलेली होती. १७९३ मध्ये ते गावच्या क्रांती समितीत गेले. पण लवकरच दहशतीचे राज्य सुरू झाले आणि रोज माणसे गिलोटिनखाली जाऊ लागली. शेजारच्या ओर्लेआँ शहरात फुरिए यांनी संशयितांची बाजू घेतली. त्याची किंमत म्हणून १७९४ मध्ये त्यांनाच अटक झाली. शिक्षा काय होणार हे उघड होते. त्याच सुमारास पॅरिसमध्ये रोबेस्पिएरची सत्ता उलथली, त्याचा शिरच्छेद झाला आणि फुरिए वाचले. पुढच्याच वर्षी उलटा प्रकार घडला. रोबेस्पिएरचे समर्थक म्हणून त्यांना पुन्हा पकडण्यात आले आणि पुन्हा सोडण्यात आले.

या दोन अटकांच्या मधल्या काळात त्यांची निवड पॅरिसमध्ये नव्याने सुरू झालेल्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेसाठी झाली होती. तिथे लाग्रांज, लाप्लास आणि माँज हे त्या काळचे सर्वात मोठे गणिती शिकवत. फुरिए यांची हुशारी त्यांच्या नजरेत भरली. १७९७ मध्ये पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये लाग्रांज यांच्या जागी फुरिए यांचीच नेमणूक झाली. हेच लाग्रांज पुढे त्यांच्या वाटेतला सर्वात मोठा अडथळा ठरणार होते.

१७९८ मध्ये नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली तेव्हा सैन्याबरोबर विद्वानांचा ताफाही नेला. त्यात फुरिए होते. कैरोत स्थापन झालेल्या संस्थेचे ते सचिव झाले. १८०१ मध्ये ते परतले तेव्हा त्यांना पुन्हा शिकवायचे होते, पण नेपोलियनने त्यांच्यातला प्रशासक हेरला होता. १८०२ मध्ये त्याने फुरिए यांना आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या इझेर जिल्ह्याचे प्रमुख नेमले. मुख्य ठिकाण ग्रनोबल. आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखेच हे पद होते.

दिवसा दलदल, फावल्या वेळी गणित

या जिल्ह्यात बुर्गवाँ गावाजवळ मोठी दलदल होती आणि तिच्या आसपासची गावे दरवर्षी तापाने फणफणत. हा ताप घाणेरड्या हवेमुळे येतो अशी तेव्हाची समजूत होती. डास मलेरिया पसरवतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत १८९७ मध्ये मिळाला. पण दलदल हटली की ताप हटतो, हे लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले होते. अडचण पाणी काढण्याची नव्हती. तीसहून अधिक गावांचे चराईचे आणि जमिनीचे हक्क त्या दलदलीत अडकले होते आणि कोणी ते सोडायला तयार नव्हते. फुरिए गावोगाव गेले, माणसांशी बोलत राहिले आणि काही वर्षांच्या खटपटीनंतर सगळ्यांना एका करारावर आणले. दलदल आटली, शेती उभी राहिली. आजच्या भाषेत हे सार्वजनिक आरोग्याचे मोठे काम होते.

याच ग्रनोबलमध्ये त्यांनी इजिप्तहून आणलेल्या वस्तू एका शाळकरी मुलाला दाखवल्या. तो मुलगा शाँपोल्यों. त्याने पुढे १८२२ मध्ये इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे उलगडले.

सरकारी कामातून वेळ काढून फुरिए उष्णतेच्या प्रश्नाकडे वळत. त्यांनी लोखंडाचे कडे घेतले, त्यात ठिकठिकाणी भोके पाडून थर्मामीटर बसवले, कड्याचा काही भाग तापवला आणि कोणत्या जागी किती वेळात किती तापमान होते याची नोंद केली. मग त्यामागचे समीकरण मांडले. समीकरण मिळाले, पण ते सोडवायचे कसे? कड्यावर सुरुवातीला उष्णता कशीही पसरलेली असू शकते. एका बाजूला लालभडक, दुसऱ्या बाजूला गार. प्रत्येक वेळी नवे कोडे.

इथे त्यांना जे सुचले ते समजायला तानपुरा उपयोगी पडेल. खर्जाची तार छेडली की नुसता षड्ज ऐकू येत नाही. कान तयार असेल तर त्यात गंधारही ऐकू येतो, जो कोणत्याच तारेवर लावलेला नसतो. एकच तार अनेक वारंवारतांनी एकाच वेळी कंप पावत असते आणि मूळ स्वराच्या पाचपट वारंवारतेचा कंप आपल्याला गंधार म्हणून ऐकू येतो. म्हणजे तानपुऱ्याचा भरदार नाद ही अनेक साध्या कंपनांची बेरीज आहे. फुरिए यांचे म्हणणे असे की, नादच काय, कोणतीही वेडीवाकडी रेघ अशा साध्या, एकसारख्या वर-खाली होणाऱ्या तरंगांच्या बेरजेने मांडता येते. कोणता तरंग किती प्रमाणात घ्यायचा हे काढण्याचे सूत्रही त्यांनी दिले.

एका राशीबरोबर दुसरी कशी बदलते हे सांगणाऱ्या नियमाला गणितात फलन म्हणतात. दिवसभरातले तापमान, ईसीजीची रेघ, फोटोतला उजेड-अंधार ही सगळी फलनेच. तीच माहिती वेळेनुसार मांडण्याऐवजी वारंवारतेनुसार मांडणे, म्हणजे फुरिए रूपांतरण. त्यात माहिती हरवत नाही, उलट दिशेने गेल्यास मूळ रेघ परत मिळते. फायदा असा की अवघड प्रश्नाचे सोपे तुकडे होतात. कड्यातल्या उष्णतेचे तरंगांत तुकडे पाडले की प्रत्येक तुकडा आपापल्या ठरलेल्या गतीने विरत जातो. दुप्पट वारंवारतेचा तरंग चौपट वेगाने विरतो. प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा करायचा आणि शेवटी बेरीज करायची.

गुरूंचाच नकार

डिसेंबर १८०७ मध्ये फुरिए यांनी हा प्रबंध पॅरिसच्या विद्वत्संस्थेपुढे ठेवला. तपासणीसाठी लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्रवा यांची समिती होती. लाग्रांज यांना तो मान्य झाला नाही. तुटलेली, कोपरे असलेली, मध्येच उडी मारणारी रेघ गुळगुळीत तरंगांच्या बेरजेतून कशी तयार होईल, हा त्यांचा आक्षेप होता. पन्नास वर्षांपूर्वी कंप पावणाऱ्या तारेवरून गणितज्ञांत असाच वाद पेटला होता आणि त्यात तरुण लाग्रांजही होते. त्यांचे मत बदलले नव्हते. प्रबंध छापला गेला नाही.

आक्षेप पोकळ नव्हता. असंख्य तरंगांची बेरीज नेमक्या कोणत्या अटींवर मूळ फलनापर्यंत पोहोचते, याची पक्की सिद्धता फुरिए यांच्याकडे नव्हती. त्यांच्याकडे होते ते कड्यावरचे मोजमाप, आणि ते गणिताशी जुळत होते. पुढे संस्थेने उष्णतेच्या प्रसारावर स्पर्धा जाहीर केली. फुरिए यांनी १८११ मध्ये प्रबंध वाढवून पुन्हा पाठवला. बक्षीस त्यांनाच मिळाले, पण मांडणीत काटेकोरपणा कमी आहे असा शेराही मारण्यात आला. प्रबंध याही वेळी लगेच छापला गेला नाही. हा शेरा फुरिए यांना फार लागला.

दरम्यान राजकारणाने पुन्हा त्यांना गाठले. मार्च १८१५ मध्ये एल्बा बेटावरून निसटलेला नेपोलियन ग्रनोबलमार्गे पॅरिसकडे निघाला. फुरिए तेव्हा राजाच्या नोकरीत होते, त्यांनी शहर सोडले. नेपोलियनने त्यांना माफ करून लीओंच्या जिल्ह्यावर नेमले, पण वरून आलेले कठोर हुकूम न पटल्याने ते पद लवकरच गेले. वॉटर्लूनंतर राजा परत आला तेव्हा फुरिए दोन्हीकडून परके झाले होते. सत्तेचाळीस वर्षांचे वय, हाती पद नाही, महत्त्वाचा प्रबंध अप्रकाशित. एका जुन्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या सांख्यिकी कार्यालयात काम दिले म्हणून घर चालले. १८१६ मध्ये विज्ञान अकादमीने त्यांची निवड केली, ती राजाने नाकारली. पुढच्या वर्षी अकादमीने त्यांना पुन्हा निवडले, तेव्हा मात्र ती मान्य झाली.

सांख्यिकी कार्यालयातले कामही वाया गेले नाही. त्यांच्या देखरेखीखाली पॅरिसच्या लोकसंख्येचे आणि जन्म-मृत्यूंचे तक्ते प्रसिद्ध झाले. विलेर्मे या डॉक्टरने त्याच आकड्यांच्या आधारे दाखवून दिले की शहरातल्या गरीब वस्त्यांत मृत्यूचे प्रमाण श्रीमंत वस्त्यांपेक्षा जास्त आहे.

अखेर १८२२ मध्ये उष्णतेच्या गणिती सिद्धान्तावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिल्या प्रबंधाला पंधरा वर्षे होत आली होती. लाग्रांज १८१३ मध्येच वारले होते. त्याच वर्षी फुरिए अकादमीचे कायम सचिव झाले. १८२४ मध्ये त्यांनी पृथ्वीच्या तापमानावर लिहिताना दाखवले की वातावरण सूर्यप्रकाशाला सहज आत येऊ देते, पण जमिनीतून परत निघणाऱ्या उष्णतेला अडवते. आज हरितगृह परिणाम म्हणतात त्याची ही सुरुवात. लाग्रांज यांच्या आक्षेपाचे उत्तर १८२९ मध्ये दिरिक्ले या तरुण जर्मन गणितज्ञाने दिले. पॅरिसमध्ये असताना त्याचा फुरिए यांच्याशी परिचय झाला होता. फुरिए यांची बेरीज कोणत्या अटींवर नक्की जुळते, हे त्याने सिद्ध केले. म्हणजे शिष्याचे उत्तर खरे होते आणि गुरूचा प्रश्नही.

न कळलेला आजार

इजिप्तहून परतल्यापासून फुरिए यांना थंडी सोसत नसे. उन्हाळ्यातही ते जाड कपडे घालत आणि खोली तापवून ठेवत. उतारवयात धाप लागू लागली, आडवे होऊन झोपणे कठीण झाले. शरीर ताठ राहावे म्हणून ते फक्त डोके आणि हात बाहेर राहतील अशा पेटीवजा खुर्चीत बसून काम करत असे सांगतात. मे १८३० मध्ये ते जिन्यावरून पडले आणि १६ मे रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

थंडी न सोसण्यावरून थायरॉइडची कमतरता असावी, असा अंदाज पुढे काहींनी बांधला. आडवे झाल्यावर वाढणारी धाप आज कोणत्याही डॉक्टरला आधी हृदयाची आठवण करून देईल. पण दोन्ही अंदाजच. लाएनेक यांनी पॅरिसमध्येच १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला होता. छातीला तो लावून ऐकण्यापलीकडे त्या काळच्या वैद्यांकडे शरीराच्या आत डोकावण्याचे साधन नव्हते.

ग्रंथानंतरची वाटचाल

१८४० मध्ये विल्यम थॉमसन या किशोरवयीन मुलाने फुरिए यांचा ग्रंथ वाचून काढला. हाच पुढे लॉर्ड केल्विन. समुद्राची भरती-ओहोटी हीसुद्धा चंद्र-सूर्यामुळे होणाऱ्या अनेक साध्या चढउतारांची बेरीज आहे, हे ओळखून त्यांनी १८७०च्या दशकात ती बेरीज करणारे चाकांचे आणि कप्प्यांचे यंत्र बनवले. १८७९ मध्ये खास हिंदुस्थानातील बंदरांसाठी असे यंत्र लंडनमध्ये तयार झाले आणि त्यावर मुंबईच्या भरतीचे तक्तेही निघू लागले. आज पावसाळ्यात साडेचार मीटर भरतीचा इशारा मुंबईला आधी कळतो, त्यामागे हीच पद्धत आहे.

विसाव्या शतकात स्फटिकांवर क्ष-किरण टाकून रेणूंची रचना शोधण्याचे शास्त्र उभे राहिले. स्फटिकातून विखुरलेले किरण ठिपक्यांची नक्षी देतात, त्या नक्षीतून अणूंच्या जागा काढायला फुरिए यांचीच बेरीज लागते. डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये पेनिसिलिनची आणि १९६९ मध्ये इन्शुलिनची रचना याच मार्गाने उलगडली.

एक अडचण मात्र होती, आकडेमोड फार. दहा लाख नोंदींचे रूपांतरण सरळ पद्धतीने करायचे तर सुमारे एक लाख कोटी गुणाकार होतात. १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी दिलेल्या जलद पद्धतीने ते काम सुमारे दोन कोटींवर आले. मग हे गणित यंत्रायंत्रांत शिरले. त्याचाच एक जवळचा प्रकार बेंगळुरूत शिकलेले नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये मांडला. मोबाइलमधला फोटो जेपीईजी स्वरूपात छोट्या जागेत मावतो तो त्यामुळे. डोळ्याला फारसे न जाणवणारे बारीक तरंग त्यात वगळले जातात.

एमआरआयमध्ये शरीरातल्या पाण्याच्या रेणूंतले हायड्रोजनचे अणुकेंद्रक चुंबकीय क्षेत्रात रेडिओ संकेत देतात. संकेताची वारंवारता क्षेत्राच्या जोरावर ठरते. म्हणून यंत्र क्षेत्राचा जोर जागेनुसार किंचित कमी-जास्त करत राहते. ती ठकठक याच बदलांची. आता वारंवारता कळली की जागा कळते. मिसळलेल्या संकेतातून वारंवारता वेगळ्या काढायला फुरिए रूपांतरण वापरण्याची रीत रिचर्ड अर्न्स्ट यांनी १९७५ मध्ये दाखवली. तपासणीच्या वेळी हलू नका असे पुन्हा पुन्हा सांगतात, त्याचे कारणही यातच आहे. प्रत्येक नोंद चित्राच्या सगळ्या भागांना थोडी थोडी हातभार लावते. त्यामुळे रुग्ण क्षणभर हलला तरी डाग एका जागी पडत नाही, चित्रभर भुतासारख्या सावल्या उमटतात.

ईसीजीतून विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण गाळणे, झोपेत मेंदूच्या लहरी मोजणे, डॉप्लर सोनोग्राफीत रक्ताचा वेग पाहणे, सीटी स्कॅनची चित्रे जुळवणे, या सगळ्यांत तेच गणित चालते. फुरिए यांच्यासारखा धाप लागलेला रुग्ण आज रुग्णालयात आला तर रक्ताच्या तपासणीने थायरॉइडचे कळेल आणि हृदयाची टूडी इको होईल. इकोच्या पडद्यावर झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा आलेख दिसतो, तो त्याच क्षणी फुरिए रूपांतरणाने काढलेला असतो.